सल्ला हवा: सात जणांनी मिळून शिकायचा स्ट्रॅटेजी गेम (चोपडा, बजेट माणशी ५००)

कालवा_चोपडा: मंडळी, आम्ही सात मित्र. दर रविवारी एकाच्या घरी बसून एखादा स्ट्रॅटेजी गेम मुळापासून शिकायचा बेत आहे. दोघांनी कॉलेजात एज ऑफ एम्पायर्स खेळलंय, बाकीचे कोरे. लॅपटॉप तीन, तिन्ही ४ जीबी रॅमचे, ग्राफिक कार्ड नाही. माणशी ५०० च्या वर एक रुपया नाही, दोघांची लग्नं निघालीयेत. लाइटीचा भरवसा नाही. जुन्यांनी नवख्यांना दहा मिनिटांत चिरडू नये एवढीच अट. काय घ्यावं?

केळीबाग_रावेर: सिव्हिलायझेशन ७, डोळे मिटून. फेब्रुवारी २०२५ ला आलाय, म्हणजे सगळेच नवखे. अशोक नेता घ्यायचा, मौर्यांपासून सुरुवात, मधल्या युगात चोळ, शेवटी मुघल. युग बदललं की राज्यही बदलता येतं. मी महागडी आवृत्ती घेतली, पैसे वसूल.

यार्ड_भुसावळ: बजेट वाचलं का भाऊ? आणि त्याला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते.

केळीबाग_रावेर: मग रॅम वाढवा. एक गाडी केळी गेली की निघते रॅम.

यार्ड_भुसावळ: सगळ्यांच्या बागा नसतात.

तापीकाठची: एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन (नवी, सुधारलेली आवृत्ती) घ्या, सेलमध्ये. प्रत्येक लॅपटॉपला वेगळी प्रत लागते, पण तुमच्याकडे तीनच आहेत ना? सातांचे ३५०० तिनात वाटा की. त्यात ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे धडे आहेत, आधी ते सगळ्यांनी करा. आणि चिरडण्यावर उपाय सांगते. लॉबीत (डाव सुरू होण्याआधीच्या स्क्रीनवर) दोघांनी एकच खेळाडू-क्रमांक निवडला की एकच राज्य दोघं मिळून चालवतात. नवख्याने गावकरी, लाकूड, शेती बघायची, जुन्याने सैन्य. मी माझ्या भाच्याला असंच शिकवलं, आता तो मलाच हरवतो. सुरुवातीला एकच नियम पाठ करून घ्या: टाउन सेंटर (गावकरी जिथून निघतात ती मुख्य इमारत) रिकामं बसता कामा नये. २५ सेकंदांना एक गावकरी, ५० अन्न. आणि घरं वेळेत बांधा, नाहीतर गावकरी निघणंच थांबतं.

जुना_कॅफेवाला: डेफिनिटिव्ह कशाला? खरा गेम १९९९ चाच. जळगावात कॅफेत तासावर खेळायचो. चीट (फसवा कोड) टाकली की टाउन सेंटरसमोर मोटारगाडी यायची, गोळ्या झाडत. हल्लीच्या पोरांना ती मजा नाही.

तापीकाठची: गाडीची चीट नव्यातही आहे दादा.

पांझरा_भो: भाऊसहोन, इतला इचार कसाले करतस? झिरो ए.डी. उतारी ल्या. फुकट शे. मौर्यासना हत्ती बी शेतस.

मास्तर_अमळनेर: नावच चूक आहे. शून्य सन कधी नव्हतंच. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. मुलांना काय शिकवणार यातून?

पांझरा_भो: मास्तर, गेम खेळनं शे, पेपर नही तपासना.

यार्ड_भुसावळ: झिरो ए.डी. ला माझंही मत. पण चोपड्याच्या मंडळींना एक सांगा कोणीतरी, सैन्य वाढलं की तो अडखळतो. लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवूनच खेळा. मौर्यांचा कामाचा हत्ती झकास, लाकूड-दगड त्याच्याजवळच टाकता येतं, तो सोबत चालतो. नवख्याची निम्मी धावपळ वाचते.

केळीबाग_रावेर: फुकटचं ते फुकटचंच.

सातपुडा_यावल: लाइटीचं कोणी बोलतच नाहीये. आधी इन्व्हर्टर घ्या. मी गेल्या उन्हाळ्यात घेतला, दुकानदाराने गोड बोलून छोटी बॅटरी गळ्यात मारली. पंखा लावला की राउटर बंद. शेवटी मोठी आणली.

जुना_कॅफेवाला: किती एएचची?

सातपुडा_यावल: १५०. ट्यूब्युलर. पाणी बघत राहायचं.

तापीकाठची: धागा गेमचा आहे हो.

मास्तर_अमळनेर: बुद्धिबळ खेळा. लाइट लागत नाही.

नापास_सेनापती: काहीही घ्या, बॅटल फॉर वेसनॉथ तेवढा घेऊ नका. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतो, मान्य. पण सगळा नशिबाचा खेळ. समोरचा उघड्यावर उभा, लागायची शक्यता ७० टक्के, आणि माझे चारही वार हवेत. कायमचा काढून टाकला.

यार्ड_भुसावळ: ७० टक्क्यांनी चारही चुकायची शक्यता एक टक्क्याहून कमी येते. पण कमी म्हणजे शून्य नाही ना. शंभर लढायांत एखाद्या वेळी होणारच.

नापास_सेनापती: माझ्याच वेळी का?

पांझरा_भो: 😂

जुना_कॅफेवाला: मी पण एज ऑफ एम्पायर्सच म्हणतो. वर कोणी सुचवलंय का माहीत नाही.

कालवा_चोपडा: सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली (भरीत होतं, म्हणून सातही जण आले). वेसनॉथ ठरला.

नापास_सेनापती: अरे! मी नको म्हणालो ना?

कालवा_चोपडा: तुमच्याच पोस्टमुळे बघितला दादा. एकामागून एक चाल, त्यामुळे एकच लॅपटॉप टीव्हीला लावून पाळीपाळीने खेळता येतो. दर पाळीला आपोआप सेव्ह होतो. लाइट गेली तर चहा, आली की तिथूनच पुढे. जंगलात एल्फला (गेममधली वनवासी जमात) मारणं अवघड, मोकळ्या मैदानात सोपं, हे टीव्हीवर सगळ्यांना एकदमच दिसतं. दिवसा माणसांचा मारा २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री ऑर्कचा (गेममधली राक्षसी जमात). त्यावरूनच काल एवढी भांडणं झाली की कोऱ्यांपैकी दोघं आत्ताच जुन्यांना अक्कल शिकवताहेत. आणि वार हुकला की नशिबाला शिव्या देता येतात, मित्राला नाही. ताईंची एक राज्य दोघांनी चालवायची युक्ती मात्र उचललीय. एक चाल सुचवतो, दुसरा माउस धरतो.

तापीकाठची: आठवड्यात माउसवरून मारामाऱ्या होतील, बघा. एज ऑफ एम्पायर्सचा सेल लागला की कळवते.

केळीबाग_रावेर: टीव्ही किती इंची? आमचा ५५ आहे.

कालवा_चोपडा: ३२. पैसे वाचले, त्यातून केबल आणतोय.

यार्ड_भुसावळ: केबल घ्यायच्या आधी लॅपटॉपला एचडीएमआय (टीव्ही जोडायची जागा) आहे का ते बघा. काही जुन्यांना नुसतं व्हीजीए असतं, त्यातून आवाज जात नाही.