मदत हवी आहे: एआय एजंटला सातबारा आणि रेराची माहिती कशी पुरवायची?

नमस्कार मंडळी. जुने फ्लॅट आणि एनए (बिगरशेती) प्लॉट बघणाऱ्यांसाठी एक छोटा एआय एजंट बनवतोय, पायथनमध्ये. गिऱ्हाईक गट नंबर देतं, एजंटने सातबारा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा), रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर आणि महारेराची (गृहप्रकल्पांवरच्या राज्य नियामकाकडची) नोंद एकत्र करून सांगायची, एवढंच.

गाडी अडलीय ती माहिती आणण्यात. महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर, कॅप्चा आहे, आणि तो फोडायचा उद्योग मला करायचा नाही. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, पण हाती येते पीडीएफ. ती वाचताना आमचे एजंटसाहेब धडपडतात. क्षेत्र ०.१२.५० (हेक्टर, आर, चौरस मीटर) असं छापलेलं, म्हणजे १२.५० आर, १२५० चौरस मीटर. यांनी खुशाल १२.५० गुंठे सांगितले! एक गुंठा १०८९ चौरस फूट, आर १०७६ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण पुण्याजवळच्या भावात तो खिशाला लागतो. फ्लॅटचंही तेच: रेरात कार्पेट (घरातलं वापरायचं क्षेत्र), जाहिरातीत सुपर बिल्टअप (भिंती आणि सामायिक जागेचा वाटा धरून), आणि एजंट दोन्हींची सरमिसळ करतो.

एका कंपनीची तयार एपीआय (प्रोग्रॅमला थेट माहिती देणारी सेवा) महिनाभर वापरली. फेरफार होऊन गेलेल्या जमिनीवर जुनाच मालक दाखवत होती, म्हणून सोडली.

कोणी एमसीपी सर्व्हर (एआय मॉडेलला बाहेरची माहिती आणि साधनं जोडून देणारा प्रोग्रॅम) लिहून हे जमवलंय का? एकक बदलण्याचं काम मॉडेलकडे न देता कोडमध्येच ठेवावं, असं माझं मत झालंय. अधिकृत, परवानगीने माहिती मिळण्याचा मार्ग माहीत असेल तर तो आधी सांगा. पैसे मोजायची तयारी आहे, फक्त माहिती ताजी हवी.