चारनंतरचा भाव: खरा की भुताटकी?

रात्रपाळी: 'शेअरचा भाव म्हणजे भाव, दिवसाचा असो की रात्रीचा, पटत नसेल तर एफडी करा,' असं परवा इथं एकानं ठोकून दिलं. डोकं सणकलं, म्हणून हा धागा. 13 फेब्रुवारी 2024 आठवा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार चारला बंद (व्यवहार मात्र त्यानंतरही चालू), मग लिफ्ट या टॅक्सी-ॲप कंपनीचे निकाल. मार्जिन, म्हणजे नफ्याचं प्रमाण, 500 बेसिस पॉइंट (100 म्हणजे एक टक्का) वाढेल असं छापलेलं. खरा आकडा 50. एका जास्तीच्या शून्यावर शेअर साठ टक्क्यांहून वर! मग सीएफओबाईंनी, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखांनी, निकालांनंतरच्या कॉलवर चूक सांगितली आणि फुगा फुटला. मी ठाण्यात पहाटे अडीचला डोळे ताणून बसलेलो. ज्यांनी वर घेतला त्यांनी शेअर घेतला की टंकनदोष?

न्यूजर्सीवाली: असहमत. चारनंतर गिऱ्हाईक मोजकं, खरेदी-विक्रीच्या भावात ही मोठी दरी. म्हणूनच बहुतेक ब्रोकर तेव्हा फक्त लिमिट ऑर्डर घेतात, म्हणजे 'या भावापलीकडे नको' अशी. आकडा स्वतः टाकायचा आणि मग बाजाराला शिव्या? शिवाय दुसऱ्या दिवशी लिफ्ट 35 टक्के वर बंद झाला. निकाल चांगलेच होते.

रात्रपाळी: दिवसा भाव फार उधळला तर पाच मिनिटं व्यवहार थांबवतात. चारनंतर ती सोय का नाही, त्यावर बोला ना ताई.

चाळकरी: आपल्या मुंबईच्या बाजाराचं बरं. बंद भाव वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरत आला, नंतर थोडा वेळ त्याच भावाला व्यवहार. उड्या नाहीत.

घाटकोपरी: उड्या नाहीत?? एल्सिड! 3 रुपये 53 पैशांचा शेअर 2024 च्या धनत्रयोदशीला 2,36,250 वर. भर दिवसा!

चाळकरी: तो खरा भाव शोधायला घेतलेला विशेष लिलाव होता. पोटात एशियन पेंट्सचे शेअर असलेली कंपनी 3.53 ला कोण विकेल? खोटा भाव तोच होता.

घाटकोपरी: माझ्या मामांकडे अशाच एका जुन्या कंपनीची कागदी सर्टिफिकेटं होती. मामीनं घर रंगवताना रद्दीत घातली.

चाळकरी: तुमचे मामा प्रत्येक धाग्यात कसे येतात हो? सोनं, म्हाडा, आता शेअर.

घाटकोपरी: मामांवर जायचं काम नाही. तुम्ही 3.53 ला किती घेतले होते ते सांगा!

चाळकरी: विकणारा असता तर घेतले असते. तेच तर मघापासून सांगतोय.

रात्रपाळी: लिफ्टवर बोलायचंय का कुणाला?

न्यूजर्सीवाली: बरं, एक कबूल. मागे एकदा स्टॉपलॉस (भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावून मी निवांत झोपले. संध्याकाळी निकाल लागले, शेअर कोसळला. माझा स्टॉपलॉस फक्त दिवसाच्या वेळेपुरता. सकाळी साडेनऊला जागा झाला आणि तळाला विकून मोकळा. ब्रोकरच्या अटींत लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

रात्रपाळी: म्हणजे भूत तुम्हालाही दिसलं. अभिनंदन.

न्यूजर्सीवाली: चूक माझीच होती. तुमच्यासारखा धागा नाही काढला.

घाटकोपरी: मामींचा रद्दीवाला अजून येतो म्हणे. विचारून बघू का?