मदत हवी आहे: ग्रूमिंगला सोडलेला आमचा कुत्रा गेला. पोस्टमॉर्टेम करावं का, आणि जाब कसा विचारावा?

काल संध्याकाळी आमचा गोट्या गेला. पग, सहा वर्षांचा. सकाळी अकराला मी त्याला स्वतः ग्रूमिंग पार्लरमध्ये सोडून आले तेव्हा तो अगदी धडधाकट होता. ठरवायला माझ्या हातात फक्त आजचा दिवस आहे, म्हणून डोकं ठिकाणावर नसतानाही लिहायला बसले आहे. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आंघोळ, नखं आणि कान, एवढंच करायचं होतं. गोट्या ड्रायरला घाबरतो, त्याला पिंजऱ्यात ठेवून वाळवू नका, नुसतं टॉवेलने पुसून दिलंत तरी चालेल, हे मी काउंटरवर सांगितलं होतं. पण तोंडी. तिथल्या माणसाने मान डोलावली, फॉर्म पुढे केला आणि मी न वाचता सही केली. आत नेताना गोट्याने पाय रोवून धरले होते. मी म्हटलं, "जा रे, लगेच येते मी."

१:४० ला फोन आला. "जरा सुस्त वाटतोय, घेऊन जाता का?" पंधरा मिनिटांत पोचले. तो फरशीवर टॉवेल टाकून त्यावर आडवा होता. जीभ बाहेर, जांभळट. तोंडातून लाळेची घट्ट तार लोंबत होती. उचलून घेतलं तर पाठीवरचे केस कडकडीत कोरडे, आणि पाठ एवढी गरम की मी दचकले. पोट मात्र ओलं. रात्रभर मला तेवढंच आठवत होतं, पाठ कोरडी आणि पोट ओलं. त्याच्या अंगावर कुणी पाणी घातलं नव्हतं, डॉक्टरांना कुणी फोन केला नव्हता. सगळे माझी वाट बघत उभे होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ताप ४१.८ अंश सेल्सिअस. अंगावर पाणी, पंखा, सलाइन. तासाभरात ३९.५ वर आला, एकदा शेपटीही हलवली. मला वाटलं, वाचला. मग रक्ताचे जुलाब सुरू झाले, पाठोपाठ झटके आले. सातच्या सुमारास गेला. केसपेपरवर "उष्माघात, संशयित" असं लिहिलंय.

पार्लरवाले आधी म्हणाले, आला तेव्हापासूनच दमलेला दिसत होता. मग म्हणाले, हृदयाचा काहीतरी त्रास असणार, पगना असतोच. रात्री मेसेज आला की ड्रायर "फक्त दहा मिनिटं" लावला होता, वाळवायच्या खोलीतला कॅमेरा बंद आहे, आणि आम्ही तुमचे पैसे परत करतो. फॉर्मवर बारीक अक्षरात "सर्व सेवा ग्राहकाच्या जबाबदारीवर" असं छापलंय, ते मी घरी आल्यावर वाचलं.

मला पैसे नको आहेत. त्या अडीच तासांत काय झालं ते मला कळायला हवं. गोट्या अजून दवाखान्यातच आहे. डॉक्टर म्हणाले, पोस्टमॉर्टेम करायचं तर आज सांगा. नवरा म्हणतो, जिवंतपणी काय कमी सोसलं त्याने, आता चिरफाड नको. त्याचंही चूक नाही. पण नाही केलं तर हृदयाची ती गोष्ट कायम त्यांच्याच बाजूने राहील, असं मला वाटतं. पोस्टमॉर्टेममधून खरंच काही कळतं का? माझ्या सहीमुळे सगळं संपलं का? कॅमेऱ्याचं काय करू? आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. सकाळी उठल्या उठल्या विचारलं तिने, "त्याला कुणी मारलं का?" मी गप्प बसले.

– मूळ धागाकर्ती

प्रतिसाद: वाळकी_पानं

ताई, फार वाईट झालं. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे आधी कामाचं लिहिते.

सगळ्यात आधी आत्ता दवाखान्यात फोन करून सांगा की त्याला फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलं की बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही. नुसतं गार ठेवलं तर एखाद्या दिवसाची सवड मिळते, तरी जितकं लवकर तितकं चांगलं. उष्माघातात तर शरीर आतून भराभर खराब होतं.

पोस्टमॉर्टेम पार्लरशी ज्यांचा काही संबंध नाही अशांकडून करून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विकृतिशास्त्र विभाग असेल तर उत्तम. सोबत तुम्ही इथे लिहिलंय तेच वेळांसकट कागदावर लिहून द्या. आधी काय झालं हे माहीत नसेल तर तपासणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते कळत नाही. कोरडी पाठ आणि ओलं पोट हेही लिहा.

काय कळेल, ते खरं सांगते. उष्माघाताची अशी एकच ठाम खूण नसते. आतड्यांत, फुप्फुसांत रक्तस्राव, अवयवांत साकळलेलं रक्त, मूत्रपिंडाची हानी हे सगळं मिळून चित्र उभं राहतं, आणि त्याला कालच्या तापाच्या नोंदीची जोड मिळते. कुत्र्याचा नेहमीचा ताप साधारण ३८.३ ते ३९.२ असतो. ४१ च्या वर गेला की अवयवांना इजा व्हायला लागते, आणि नंतर ताप उतरला तरी आत सुरू झालेली पडझड थांबेलच असं नाही. म्हणून तुम्हाला तो वाचल्यासारखा वाटला. तुमच्या डॉक्टरांकडून काही राहून गेलं असं यावरून समजू नका. दुसरं म्हणजे हृदय उघडून बघितलं की मोठा आजार होता की नव्हता हे बहुतेक वेळा कळतं. टेबलाला बांधायच्या गळपट्ट्याचा फास बसला असेल तर मानेच्या आतल्या बाजूला खुणा दिसतात, बाहेरून त्या केसांत लपतात. मानेकडे मुद्दाम बघायला सांगा. ड्रायर किती मिनिटं लावला होता हे मात्र पोस्टमॉर्टेम सांगणार नाही. ते माणसांकडूनच काढावं लागेल.

यजमानांना सांगा, तपासणीनंतर नीट शिवून परत देतात, फक्त आम्हाला तो परत हवाय हे आधी सांगून ठेवा. केसपेपरची प्रत आजच घ्या. पहिला ताप किती वाजता घेतला ती वेळ त्यावर आहे ना, ते बघा.

प्रतिसाद: ओला_टॉवेल

मी बारा वर्षं ग्रूमिंग करतोय. वाचून हात थरथरले, कारण हे कसं होतं ते मला माहीत आहे.

पाठ कोरडी आणि पोट ओलं याचा माझा अंदाज सांगतो. हातातल्या ड्रायरने वाळवलं तर आपण कुत्र्याला फिरवत, पाय उचलत, पोटाखालून सगळीकडे हवा घालतो. पिंजऱ्याला ड्रायर अडकवून ठेवला की वरची बाजू आधी सुकते आणि पोट दाबून बसलेल्या कुत्र्याची खालची बाजू ओलीच राहते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. बंद पिंजऱ्यात गरम हवा, त्यात ओल्या केसांची वाफ. अशा हवेत धाप टाकून काही उपयोग होत नाही. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट आधीच अरुंद. जितक्या जोरात धापा टाकेल तितका घसा आतून सुजतो. मी चपट्या नाकाच्या कुत्र्याला कधीच पिंजऱ्यात वाळवत नाही, आणि शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. पण कित्येक ठिकाणी या कामाला परवाना लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही. कालपर्यंत झाडू मारणारा मुलगा आज ड्रायर धरतो.

एक कॅमेरा बंद असेल, मान्य. पण काउंटरचा आणि आत जायच्या वाटेवरचा? जुन्या फुटेजवर आपोआप नवं चढत जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. म्हणून आज, आत्ता, लेखी कळवा: अमुक तारखेचं अकरा ते दोनचं सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवा, पुसू नका. ईमेल करा आणि तेच मेसेजवरही टाका. सोबत प्रश्न विचारा. वाळवण्याच्या खोलीत कोण होतं? ड्रायर गरम हवेचा होता की साध्या हवेचा? टायमर होता का? पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, किती वाजता? आणि डॉक्टरांच्या आधी मालकाला फोन का केला? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. तेवढ्या वेळात अंगावर पाणी घालून पंख्यासमोर धरायला हवं होतं.

तिथे जाऊन भांडू नका. मला कळतंय किती अवघड आहे ते. पण फोनवर बोललेलं हवेत जातं, लेखी दिलेलं उत्तर राहतं. परत दिलेले पैसे सध्या घेऊ नका, "प्रकरण मिटलं" अशा कागदावर तर सही मुळीच नको.

प्रतिसाद: वाळकी_पानं

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. सहीबद्दल राहिलं होतं. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, त्यामुळे तिथला वकील गाठाच. पण अशा छापील ओळीने निष्काळजीपणा आपोआप माफ होतो असं बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. मात्र भरपाईची आशा मोठी ठेवू नका. बहुतेक देशांच्या कायद्यात पाळीव प्राणी अजून मालमत्तेतच मोडतो. दवाखान्याचं बिल आणि "किंमत", हिशेब बहुधा तिथेच थांबतो.

प्रतिसाद: सांजसावली

तीन वर्षांपूर्वी आमची मांजर अशीच दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने गेली. मुलीला खरं सांगा. "झोपला" म्हणू नका, आमचा मुलगा त्यानंतर महिनाभर झोपायला घाबरत होता. "मुद्दाम कुणी मारलं नाही, पण ज्यांनी लक्ष द्यायचं त्यांनी दिलं नाही, आणि आम्ही ते विचारणार आहोत," एवढं नऊ वर्षांच्या मुलीला कळतं.

आणि ताई, तुम्ही "पिंजऱ्यात ठेवू नका" असं सांगितलं होतं. तुमच्याच पोस्टमध्ये आहे ते. रात्री "जा रे, लगेच येते" आठवलं की हेही आठवा.

मूळ धागाकर्ती, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच दिवशी पोस्टमॉर्टेम झालं. नवरा स्वतः गोट्याला घेऊन गेला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. हृदयात आजार दिसला नाही. मानेवर काही नाही. आतड्यांत आणि फुप्फुसांत रक्तस्राव. सूक्ष्म तपासणीचा अहवाल यायला काही आठवडे लागतील. त्याला परत आणून पुरलं. मुलीने त्याची खडखडणारी रबरी बदकं सोबत ठेवली, दोन. तिसरं स्वतःकडे ठेवलंय.

पार्लरने लेखी उत्तर दिलेलं नाही. काउंटरच्या फुटेजबद्दल "बघतो" एवढंच.

पण काल रात्री एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तिथे काम करणारी मुलगी होती, आवाजावरून विशीतली. गोट्याला तिनेच वाळवायला ठेवलं होतं. "पिंजऱ्यात नको" हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, काउंटरवरून चिठ्ठी आली नव्हती. ड्रायर लावून ती दुसऱ्या कुत्र्याची नखं कापायला गेली, परत आली तेव्हा जवळजवळ अर्धा तास झाला होता. मालकाने तिला कुणाशी बोलायचं नाही असं बजावलंय. ती रडत होती. मी रडले नाही. मी एकच विचारलं, तो भुंकला का? म्हणाली, पहिली पाचेक मिनिटं खूप भुंकला, मग गप्प झाला. तिला वाटलं, शांत झाला.

आता माझा प्रश्न. तक्रारीत तिने सांगितलेलं लिहिलं तर "फक्त दहा मिनिटं" उघडं पडतं, पण मालक सगळं तिच्यावर ढकलून मोकळा होईल आणि तिची नोकरी जाईल, हे मला दिसतंय. नाही लिहिलं तर माझ्याकडे अहवाल आणि केसपेपर एवढंच. निरोप काउंटरवर अडला, मालकाने अर्धवट शिकवलेल्या मुलीवर दोन-दोन कुत्री सोपवली. मला जाब विचारायचाय तो याचा. तिचा राग येतो, येणारच. पण फोन करणारी त्या सगळ्यांत ती एकटीच.

तिचं नाव न घालता तिचं म्हणणं तक्रारीत मांडता येतं का? की आधी तिलाच विचारू, लिहून देशील का म्हणून? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर सांगा. तिचा नंबर मी अजून कुणालाच दिलेला नाही, नवऱ्यालाही नाही.