उघड्या बोटीतून जुनं शहर पाहिलंय का? अनुभव लिहा

आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं यंदा युरोपला निघाली आहेत. दोघांनीही मला तेच विचारलं: अ‍ॅमस्टरडॅममध्ये काचेच्या छपराच्या मोठ्या बोटीत बसावं की छोटी उघडी बोट घ्यावी? माझं मत पक्कं आहे. उघडीच घ्या, आणि खर्च वाटून घेता येत असेल तर फक्त आपल्या माणसांपुरती घ्या. पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर कुणी पैसे का घालावेत, म्हणून हा धागा. शहर कुठलंही चालेल. बोट उघडी हवी आणि अनुभव स्वतःचा हवा. सुरुवात मी करते.

पाचपाखाडी, ठाणे

बाबांना फार चालवत नाही, म्हणून अ‍ॅमस्टरडॅमचा जुना भाग पाण्यावरूनच दाखवायचा असं ठरवलं. बोट बॅटरीवरची. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे चालवणारी मुलगी साध्या आवाजात बोलत होती आणि आईला मागच्या बाकावरही सगळं ऐकू येत होतं. रेकॉर्ड केलेली माहिती कानाला लावून बसलं तर प्रश्न कुणाला विचारणार?

बाबांचं आयुष्य बांधकामात गेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "या चिखलावर चार-चार मजले उभे कसे राहिले?" तिने बोट कडेला घेतली आणि नीट समजावून सांगितलं. मऊ मातीतून खालच्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकलेत. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे 13,659 खांब आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं असेपर्यंत त्याला हवा लागत नाही, म्हणून ते कुजत नाही. जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की कुजणं सुरू. त्यानंतर बाबा प्रत्येक घर डोळ्यांनी ओळंब्यात धरून पाहत होते आणि कुठलं कलंडलंय ते आम्हाला दाखवत होते.

बसल्या जागेवरून मान वर केली की घरांच्या शेंड्याला बाहेर आलेली तुळई आणि तिचा लोखंडी आकडा दिसतो. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद. कपाट-पलंग दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. सामान भिंतीवर आपटू नये म्हणून बऱ्याच घरांचा दर्शनी भाग जरा पुढे झुकलेला असतो. हा झुकाव फुटपाथवरून आम्हाला जाणवलाच नव्हता.

1613 मध्ये हे कालवे खणायला घेतले आणि 2010 मध्ये तो सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त ही तीन मोठ्या कालव्यांची नावं लक्षात ठेवा. रेग्युलियर्सग्राख्त या कालव्याच्या तोंडाशी जरा थांबायला सांगा, एकामागे एक सात पूल एका रांगेत दिसतात. अ‍ॅन फ्रँकचं घर पाण्यावरून फक्त बाहेरून दिसतं. आत जायचं तर तिकीट ऑनलाइनच मिळतं, ते आधी काढून ठेवा.

कोपरखैरणे

ताई, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. लहान उघड्या बोटीत बहुतेक वेळा टॉयलेट नसतं, निघण्यापूर्वी उरकून घ्या. पावसासाठी रेनकोट न्या. पूल इतके खाली असतात की छत्री मिटावीच लागते. धक्क्यावरून बोटीत उतरताना पायरी किती खोल आहे ते बुकिंग करतानाच विचारा.

आणि "प्रायव्हेट" म्हणजे नक्की काय, हे लेखी घ्या. आमच्याकडून पूर्ण बोटीचे पैसे घेतले आणि धक्क्यावर पोचलो तर आणखी दोन कुटुंबं तिथे उभी! भांडण करून निम्मे पैसे परत मिळाले, पण सासूबाईंचा मूड गेला तो गेलाच.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे पूर्व

मी खाडीकाठी वाढलो, त्यामुळे माझी नजर आधी पाण्याच्या रेषेवर जाते. आमच्याकडे ओहोटी लागली की होडी चिखलात बसते, आणि भिंतीवर भरतीची ओली खूण राहते. अ‍ॅमस्टरडॅमच्या भिंतींवर तशी पट्टी कुठेच दिसेना. नावाड्याला विचारलं, तेव्हा तो खुलला. पूर्वी तिथेही समुद्राचं पाणी चढउतार करायचं. 1872 मध्ये ओरान्ये नावाची जलद्वारं झाली, 1932 मध्ये मोठा बांध घालून बाहेरचा समुद्रच अडवला, आणि आता कालव्यांची पातळी माणूस ठरवतो. वरच्या ताईंच्या बाबांना सांगा, ते खांब टिकलेत ते यामुळेच.

भरती-ओहोटी नाही तर पाणी नासत कसं नाही, हाही माझा प्रश्न होता. जलद्वारं बंद करून पंपाने बाहेरचं ताजं पाणी आत ढकलतात. आपल्या खाडीला हे काम समुद्र दिवसातून दोनदा फुकट करून देतो आणि आपण तिच्यात कचरा टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वाशी

व्हेनिसचा गोंडोला. दिवसाचा अधिकृत दर अर्ध्या तासाला 90 युरो, आणि तो माणशी नाही, पूर्ण गोंडोल्याचा. पाच जणांपर्यंत बसता येतं, तेव्हा चौघं-पाच जण मिळून गेलात तर परवडतो. मोठ्या कालव्यावर वेळ घालवू नका, आतल्या गल्ल्यांतून न्यायला सांगा. आमचा नावाडी वळण आलं की आधी हाळी द्यायचा, मग भिंतीला पाय लावून गोंडोला वळवायचा. गोंडोल्याची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, कारण वल्हं एकच आणि तेही उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर तो सरळ चाललाच नसता. आमच्या लेकाला राजवाड्यांपेक्षा हेच जास्त आवडलं.

घणसोली

एवढ्या लांब जायचं नसेल तर केरळातलं अलप्पुळा. हाउसबोट नको, उघडी शिकारा घ्या, ती अरुंद पाण्यातही शिरते. दिवाण राजा केशवदासांनी 18व्या शतकात बंदर वसवताना शहरातले कालवे खणून घेतले, काथ्या आणि खोबरं त्यांतूनच बंदरावर जायचं. पुढे कुट्टनाडमध्ये भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांधापलीकडचं शेत होडीतून खाली वाकून पाहावं लागतं.

ऐरोली

आपल्या दारातलंही लिहायला हवं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. ठाणे खाडीचा हा भाग 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. फेरीच्या वेळा भरतीवर ठरतात आणि रोज बदलतात, त्यामुळे रविवार आहे म्हणून उठून जाऊ नका, आधी वेळ विचारा. थंडी पडली की पक्षी यायला लागतात. आम्ही मार्चमध्ये गेलो, तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलावर थवेच्या थवे होते. चोच उलटी धरून, डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत ते चिखल गाळून खातात, हे दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. दुर्बीण जरूर न्या. मुलांना ओरडू देऊ नका आणि बोटवाल्याला आणखी जवळ घे असं म्हणू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं राहतं.

चेंदणीच्या दादांना एक विचारायचंय: ठाण्याच्या बाजूने कुणी कोळी बांधव अशी फेरी मारतात का? असेल तर आम्ही यायला तयार आहोत.