तळपायावरचा काळा डाग, घरी काय बघायचं?

मुलुंडकरीण: बाबांच्या टाचेजवळ काळा डाग दिसतोय, आधी नव्हता. वय ६६. ते म्हणतात चप्पल घासते, आणि डॉक्टरचं नाव काढलं की विषयच बदलतात. नेटवर कॅन्सरचे तीळ शोधले तर सगळे फोटो गोऱ्या लोकांचे, आपल्या सावळ्या कातडीवर नेमकं काय बघायचं?

परळचा_बाब्या: ताई, तळपाय बघितलात हे बेस्ट केलंत. मेलानोमा, म्हणजे काळ्या तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, आपल्याकडे कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे "आम्ही कुठे उन्हात फिरतो" याला काही अर्थ नाही. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, १९८१ ला गेला, वय फक्त ३६. डाग दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, एकाच डागात काळा-तपकिरी-राखाडी अशी सरमिसळ आहे का, ६ मिमीपेक्षा मोठा आहे का हे बघा, पण मुख्य म्हणजे बदलतोय का. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा.

गिरगावची_काकू: कंबरही बघा गं बायांनो. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून काळा पट्टा पडतो, खाज सुटते, सालपटं निघतात आणि आपण खोबरेल चोळून गप्प. तिथे न भरणारी जखम किंवा गाठ आली तर दाखवायचं. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतर कमरेला आवळून होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. क्वचितच होतो, पण मी आता नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घेते.

मुलुंडकरीण: बापरे काकू, हे माहीतच नव्हतं. आणि नखांवरच्या काळ्या उभ्या रेघा? आईच्या तीन-चार बोटांना आहेत.

स्किन_रेसिडेंट: बऱ्याच नखांना बारीक रेघा असतील तर आपल्या वर्णात सहसा नॉर्मल. एकाच नखावर नव्याने आली, रुंद होतेय, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय, तर लगेच दाखवा. बाबांचं मात्र फोटो काढत थांबू नका, या वयात तळपायावर नवीन डाग म्हणजे ह्याच आठवड्यात न्या, केईएम किंवा सायन हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत सकाळी केसपेपर काढा, डर्मोस्कोपने (कातडी बघायचं खास भिंग) बघतील, शंका वाटली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. तोवर कुरूप समजून ब्लेडने तासू देऊ नका, कॉर्न कॅप (कुरुपावर लावायची औषधी पट्टी) पण नको. आईंनाही सोबत न्या, फक्त नेलपॉलिश काढून.