मोड आणायला डबा सुचवा (बजेट ३०० रुपये, माणसं दोन)

रात्रपाळी
पुण्यात फ्लॅट, घरात दोघंच. मटकी नाहीतर मूग दर आठवड्याला लागतात. फडक्यात बांधून ठेवतो, पण मोड यायच्या आधीच वास सुटतो आणि दाणे बुळबुळीत होतात. ऑनलाइन चार कप्प्यांचे प्लॅस्टिकचे डबे दिसतात. कुणी वापरलाय का? ३०० च्या वर जायचं नाही. "आमच्याकडे फडकंच" असं कृपया लिहू नका. फडकं आहे.

ठेचा_भाकरी
आमच्याकडे फडकंच. जुन्या धोतराचं. नव्या कापडाला खळ असते, ती आधी धुऊन काढा.

पार्लेकर
प्लॅस्टिक आणूच नका. मी स्टीलचा घेतला, दोन हजारांच्या थोडा वर. मुगाला इंचभर मोड. फोटो टाकतो, थांबा.

रात्रपाळी
बजेट ३०० आहे हो.

पार्लेकर
वाचलं. पण एकदाच घ्यायची वस्तू आहे.

बिरडेवाली
वासाचा आणि डब्याचा संबंध नाही, वास पाण्याचा. आठ-दहा तास भिजवणं पुरे, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. भिजवलेलं पाणी फेकून स्वच्छ पाण्याने धुवा आणि चाळणीत तासभर निथळू द्या. लोक इथेच घाई करतात. मग सैल बांधा. गच्च पुरचुंडी केली की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, आतली ऊब वाढते आणि मधला गोळा आंबतो. सकाळ-संध्याकाळ एकदा पाण्यातून काढून परत निथळवा. आणि भिजत घालण्याआधी निवडा! फुटके दाणे, डाळ झालेले दाणे यांना मोड येतच नाहीत, ते नुसते कुजतात आणि बाकीच्यांना वास लावतात. गणंग मात्र भिजल्यावरच कळतात, फुगत नाहीत ते काढून टाका, नाहीतर दाताखाली येतील.

मिनेसोटाचा_मावळा
इथे हिवाळ्यात उणे वीस. ओव्हन बंदच ठेवायचा, फक्त आतला दिवा लावायचा आणि मटकी आत. मस्त मोड येतात. इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) असेल तर त्याचं दह्याचं सेटिंगही चालतं.

ठेचा_भाकरी
ते पुण्यात राहतात. उणे वीस नाही तिथे.

मिनेसोटाचा_मावळा
बाकीच्यांच्या उपयोगासाठी लिहिलं.

हानोवरकर
कच्चे खाणार असाल तर एक सांगतो. इथे जर्मनीत २०११ साली मोडांमधून ई. कोलायची साथ आली होती, पन्नासच्या आसपास माणसं दगावली. तपासात संशय इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर गेला. जंतू बियांवरच असले तर घरचं आणि विकतचं सारखंच, कारण मोडांना जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. नीट शिजवून खा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस घरात असेल तर कच्चे नकोच.

अस्सल_देशी
आमच्या आजीने जन्मभर कच्चे मूग खाल्ले. नव्वदी पार केली.

हानोवरकर
छान. आजीला नमस्कार. शिजवूनच खा.

अस्सल_देशी
शिजवलं की क जीवनसत्त्व जातं.

बिरडेवाली
सगळं नाही जात. वरून लिंबू पिळा. आणि त्यांना उसळ करायची आहे, भांडताय कशाला?

गिरगावकरीण
पाणी नीट निथळवा आणि सैल बांधा, वास येणार नाही.

ठेचा_भाकरी
वर बिरडेवालीताईंनी हेच लिहिलंय.

गिरगावकरीण
मी वरचं वाचलेलं नाही. आमच्याकडे श्रावणी सोमवारी वालाचं बिरडं असतं, सोलता सोलता नखं काळी होतात. त्याला कसला डबा पुरणार!

सोलापुरी_चादर
पावट्याचं पण छान होतं बिरडं.

बिरडेवाली
पावट्याची उसळ होते. बिरडं कडव्या वालाचं. कोमट पाण्यात भिजवायचे, मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोलायचे. नुसतं नाव दिलं म्हणून पावट्याला ती कडवट चव येते का?

सोलापुरी_चादर
ताई, रागावू नका.

घाटावरचा
मूळ प्रश्नाकडे येतो. तसा चार कप्प्यांचा डबा वापरलाय, कंपनीचं नाव जाऊ दे. भोकं मोठी, त्यात मटकी अडकते आणि मोड भोकातून खाली शिरतात. धुवायला जुना टूथब्रश घ्यावा लागतो. मूग, हरभऱ्याला ठीक आहे. वरच्या कप्प्यांचं पाणी तळाच्या कप्प्यात साठतं, ते रोज ओतलं नाही तर फडकं परवडलं. दोघांना एक कप्पा पुरतो, बाकीचे तीन कपाटात.

पार्लेकर
म्हणून म्हटलं, स्टील. फोटो अपलोड होत नाहीये.

रात्रपाळी
सर्वांचे आभार. बिरडेवालीताई, निवडून, निथळवून, सैल बांधून पाहिलं. वास गेला, मोडही आले. तरी प्लॅस्टिकचा डबा मागवलाय, २७९ ला. नळाला लटकलेली पुरचुंडी बायकोला बघवत नाही, आणि ओट्यावर राज्य तिचं. मटकी बंद, यापुढे मूग.

पार्लेकर
प्लॅस्टिक. बरं.

घाटावरचा
टूथब्रशही मागवा.

सोलापुरी_चादर
पुण्यात खात्रीचे कडवे वाल कुठे मिळतात?

ठेचा_भाकरी
नवीन धागा काढा.