'नेबरहूड'ला वस्ती म्हणावे, गल्ली म्हणावे, की आणखी काही?

वडगावकर :
एका ख्रिस्ती सेवासंस्थेची कार्यपुस्तिका मी सध्या मराठीत आणते आहे. धार्मिक संस्थेने एखाद्या भागात शिकवणी, दवाखाना किंवा शिवणवर्ग सुरू करण्याआधी त्या भागाची रीतसर पाहणी करावी, घरोघर जाऊन लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मगच काय करायचे ते ठरवावे, असा तिचा विषय आहे. मजकूर अवघड नाही, पण दोन शब्दांपाशी काम अडले आहे. पहिला 'नेबरहूड'. मसुद्यात 'वस्ती' असे लिहून काही स्वयंसेविकांना वाचायला दिले, तेव्हा शहापूरच्या एका बाईंनी नेमके त्याच शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "आमच्या गल्लीला वस्ती म्हणायला आम्ही काय झोपडपट्टीत राहतो काय?" दुसरा शब्द 'आउटरीच', म्हणजे संस्थेच्या माणसांनी आपणहून लोकांपर्यंत जाणे. त्याला 'प्रसार' म्हटले तर आपल्याकडे त्याचा धर्मप्रसार हा एकच अर्थ घेतला जातो. 2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केले ते येथल्याच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, आणि तेव्हा उठलेली चर्चा गल्लोगल्ली पोचलेली आहे. 'प्रसार' असे छापलेली पुस्तिका हातात घेऊन स्वयंसेविकेने कुणाच्या दारात उभे राहावे, हे मला पटत नाही. 'संपर्क' म्हणावे तर तो शब्द निवडणुकीच्या प्रचारातला वाटतो. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

खानापूरकर :
आपल्या भाषेत 'शेजार' हा इतका चांगला शब्द असताना शोधाशोध कशासाठी, हे मला कळत नाही. शेजारपाजार, शेजारधर्म, शेजारीण अशी त्याची सगळी गोतावळ तयार आहे आणि पुस्तिकेत जो भाव अभिप्रेत आहे तो त्यात आपोआप येतो. 'गल्ली' हा हिंदुस्थानीतून आलेला शब्द आहे. जागाच दाखवायची असेल तर आळी, पेठ, वेटाळे हे शब्द मराठीत होते आणि आहेत. 'आउटरीच'ला 'घरभेट' म्हणावे. मी शिक्षक असताना पटनोंदणीसाठी घरोघर जात असे, त्याला आम्ही घरभेटच म्हणत होतो आणि कुणाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

अनगोळकर :
गुरुजी, आपल्याबद्दल आदर ठेवून सांगतो, 'शेजार' दहा-पंधरा घरांपलीकडे जात नाही. बेळगावात नवीन माणूस भेटला की आपण घर कुठे असे विचारत नाही, "कुठली गल्ली?" असे विचारतो, आणि चव्हाट गल्ली, भांदूर गल्ली किंवा कंग्राळ गल्ली एवढ्या उत्तरावर त्या माणसाची निम्मी ओळख होऊन जाते. गल्ली म्हणजे येथे नुसती वाट नाही. गल्लीला पंच असतात, गल्लीचे देऊळ असते, गल्लीचा गणपती असतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत गल्लीचा चित्ररथ असतो, आणि कुणाचे निधन झाले तर बातमी पहिल्यांदा गल्लीत फिरते. एवढी सगळी यंत्रणा ज्या शब्दामागे उभी आहे, तो शब्द कोणत्या भाषेतून आला हे पाहून त्याला दाराबाहेर ठेवणे योग्य नाही. आळी आणि वेटाळे हे शब्द मी पुस्तकांत वाचले आहेत, अनगोळात कधी ऐकलेले नाहीत.

अथणीकर :
गल्ली हा शहरापुरता आणि मोठ्या गावांपुरता शब्द आहे. आमच्या अथणी, रायबाग, चिकोडी भागात निम्मे शेतकरी गावठाणात राहतच नाहीत, ते तोटात राहतात. कन्नडमध्ये तोट म्हणजे बाग किंवा मळा, पण आमच्याकडे त्याचा अर्थ विहीर, गोठा, उसाचा फड आणि दोन-चार भावांची घरे मिळून झालेली राहती जागा असा होतो. त्या तोटांना घराण्यांची नावे असतात आणि सरकारी प्राथमिक शाळांच्या पाट्यांवरही 'अमक्यांचे तोट' असेच लिहिलेले असते. पुस्तिकेत 'गल्ली' छापले तर स्वयंसेवक गावातल्या गल्ल्या फिरून परत येतील आणि तोटातली घरे राहून जातील. मी स्वतः एका पाहणीचे मराठी फॉर्म पाहिले आहेत, ज्यांत तोटात राहणाऱ्यांची नोंद 'बागेत राहणारे' अशी झाली होती आणि पुढे ती वाचणाऱ्याने ती माणसे बागेचे राखणदार समजून वेगळ्या गटात घातली.

कन्नडमध्ये गल्लीसाठी ओणी आणि केरी असे दोन शब्द आहेत, ते मात्र घेऊ नयेत. ओणी म्हणजे साधा बोळ. केरीला जातीचा वास आहे, कारण जुन्या गावरचनेत कोणत्या जातीची केरी कोणती हे ठरलेले होते आणि ती नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. माझे असे मत आहे की तुमच्या टेंगिनकेरा गल्लीत हीच केरी लपलेली आहे. तेंगिन म्हणजे नारळ, म्हणून नारळवाल्यांची केरी.

अनगोळकर :
टेंगिनकेराबाबत मी असहमत आहे. कन्नडमध्ये केरे म्हणजे तळे हाही शब्द आहे, आणि आमच्या घरात तरी तिथे पूर्वी नारळाच्या झाडांजवळ तळे होते असेच सांगत आले आहेत.

निपाणीकर :
वडगावकर ताई, आपल्या पुस्तिकेत 'पाहणी' असा शब्द आहे, त्याच्याकडे कुणाचेच लक्ष गेलेले नाही आणि मला खरी अडचण तिथे दिसते. मी तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या कामावर जाणाऱ्या बायकांमध्ये बरीच वर्षे काम करते. आमच्याकडे कोणीही वही-पेन घेऊन दारात आले की बायका म्हणतात, "समीक्षेवाले आलेत." कन्नडमध्ये समीक्षे म्हणजे सर्वेक्षण. 2015 साली राज्य सरकारने केलेल्या सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षणाचे कन्नड नाव समीक्षे असेच होते, 2025 मध्येही तेच, आणि मराठी घरांतही तो शब्द जसाच्या तसा रुळला. पुण्यामुंबईच्या वाचकाला समीक्षा म्हटले की कविता-कादंबरीवरचा लेख आठवतो. आता पुस्तिका जर सीमाभागातल्या स्वयंसेविकांसाठी असेल तर 'पाहणी' छापावे की 'समीक्षा'? 'पाहणी' म्हटले की आमच्या बायकांना पिकाची पाहणी किंवा मुलगी पाहणे आठवते, हे मी गंमत म्हणून सांगत नाही, तसा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे.

खानापूरकर :
ताई, ही तर सरळसरळ कन्नडची छाया आहे आणि तिला शरण जाण्याचे काही कारण नाही. मराठीत समीक्षेचा अर्थ स्थिर झालेला आहे. मोजणीसाठी आपल्याकडे खानेसुमारी आणि शिरगणती हे दोन शब्द होते, एकात घरे मोजायची आणि दुसऱ्यात माणसे. तो फरक आजच्या 'सर्वेक्षण' या शब्दात उरलेला नाही.

अथणीकर :
गुरुजी, खानेसुमारी फारसीतून आलेली चालते आणि गल्ली चालत नाही, हे जरा विचारात घ्यावे. शिवाय समीक्षा म्हणजे सम् अधिक ईक्ष्, म्हणजे नीट पाहणे. मुळाच्या दृष्टीने कन्नडने शब्दाचा जुना अर्थ सांभाळला आहे आणि मराठीने तो साहित्यापुरता आक्रसला आहे. शुद्धतेचाच आग्रह असेल तर समीक्षा म्हणणाऱ्या निपाणीच्या बायका शुद्ध बोलत आहेत.

निपाणीकर :
शुद्ध-अशुद्धापेक्षा माझी काळजी वेगळी आहे. आपल्या भागात दारात येऊन विचारणे ही साधी गोष्ट राहिलेली नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालानंतर तर फारच, किती घरांची मातृभाषा कोणती यावर वाद घातला गेला. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांहून अधिक होती, आणि त्यात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे एकोणीस टक्के होते, कन्नड सांगणारे अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास. हे आकडे दोन्ही बाजूंना पाठ आहेत. म्हणून नाव आणि भाषा हे दोन रकाने आले की सासू आतून बाहेर येते आणि "हे कशाला पाहिजे?" असे विचारते. देवदासी बायकांच्या सरकारी नोंदणीच्या वेळीही तेच झाले. ज्यांना पेन्शन मिळण्याची आशा होती त्यांनी नावे सांगितली, ज्यांच्या मुलींची लग्ने ठरायची होती त्यांनी दार लावून घेतले. धार्मिक संस्थेची माणसे आली तर संशय आणखी वाढतो. त्यामुळे कागदावर नावे भरण्याआधी आम्ही अंगणात रांगोळीने भागाचा नकाशा काढायला सांगतो. पाण्याचा नळ कुठे, रेशनचे दुकान कुठे, रात्री दिवा नसलेली वाट कुठली, एवढेच. बायका स्वतः चिमटीने रेघ ओढतात, एकमेकींची रेघ पुसून दुरुस्त करतात, आणि त्या भांडणातून जे कळते ते कुठल्याही फॉर्ममधून कळत नाही. या कामाला आम्ही 'नकाशा घालणे' म्हणतो.

अनगोळकर :
मग 'आउटरीच'साठी 'फेरी' का नको? पाणलोटाच्या कामात शिवारफेरी हा शब्द रुळलेला आहे, प्रभातफेरी तर सर्वांनाच ठाऊक आहे. आणि धर्माच्या अंगाने पाहिले तर फिरणे सगळ्यांकडे आहे. तबलीगवाले मोहल्ल्यातून फिरतात त्याला ते गश्त म्हणतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणी परडी घेऊन जोगवा मागत फिरतात. लिंगायतांचा जंगम खांद्याला जोळी, म्हणजे भिक्षेची झोळी, लावून घरोघर जातो. दिगंबर जैन मुनी आहाराला निघाले की श्रावक दाराशी उभे राहून त्यांना बोलावतात. फेरी म्हटले की यांपैकी कुणालाच परके वाटणार नाही.

वडगावकर :
'फेरी' मलाही आवडला, पण आपण दिलेल्या उदाहरणांत एक गोष्ट मला खटकते. गश्त सोडली तर या प्रत्येक ठिकाणी येणारा मागतो आणि घरातला देतो. जोगवा मागायचा, भिक्षा मागायची, आहार घ्यायचा. पुस्तिकेतला 'आउटरीच' उलट आहे, त्यात येणारा देणारा असतो आणि घरातला घेणारा, आणि मला वाटते लोकांना जे टोचते ते नेमके तेच. पुस्तिकेचा मूळ आशय मात्र आधी ऐका, मग करा असा आहे, म्हणजे निदान पहिल्या भेटीत स्वयंसेविका मागणारीच आहे.

अथणीकर :
ताई, मग इलकलच्या महांत स्वामींची जोळी आपल्या उपयोगाची आहे. ते गावोगाव जोळी पसरून लोकांकडे दारू, तंबाखू, गुटखा यांची व्यसने भिक्षा म्हणून मागत. घरातला माणूस देणाऱ्याच्या जागी राहायचा आणि काम मात्र त्याच्या भल्याचे व्हायचे. कन्नडमध्ये 'महांत जोळिगे' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला.

खानापूरकर :
एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. 'प्रचारक' आणि 'मिशन' या शब्दांना आज आपण बिचकतो, पण याच भागातल्या जमखंडीत 1873 साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थनासमाजाचे प्रचारक होते. ते 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले, फिरतीवर असताना अस्पृश्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली, आणि 1906 साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्या मिशनचे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' असे होते. म्हणजे आधी पाहणे आणि मग संस्था काढणे हा क्रम आपल्याकडे एका प्रचारकानेच घालून दिलेला आहे. 'प्रसार' टाळा, पण 'मंडळी' या शब्दाचा विचार करा. प्रॉटेस्टंट चर्चमध्येही तो चालतो.

वडगावकर :
गुरुजी, 'मंडळी' हा जाणाऱ्यांसाठी शब्द झाला, ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या भागाचे नाव अजून ठरायचे आहे. कॅथलिक मराठीतला 'धर्मग्राम' (एका चर्चच्या कक्षेतला भाग, पॅरिश) संस्थेने सुचवला होता, पण त्यात ख्रिस्ती कुटुंबेच मोजली जातात आणि पुस्तिकेला त्या भागातली सगळी घरे हवी आहेत. तूर्त शहरासाठी 'गल्ली' आणि गावासाठी 'गाव व तोट' असे ठेवते. मात्र गल्लीची हद्द कशी ठरवायची, हा स्वयंसेविकांचा प्रश्न उरतोच.

अनगोळकर :
हद्दीचे उत्तर सोपे आहे. कोपऱ्यावरचे घर गणपतीची वर्गणी कोणत्या मंडळाला देते ते विचारावे. दोन्हीकडे देत असेल तर ते घर खुटावर, म्हणजे गल्ल्या मिळतात त्या जागी, आहे असे समजावे. आता 'खूट' हा शब्द निघालाच आहे म्हणून विचारतो, बेळगावातल्या शनिवार खूट या जागेच्या नावातला खूट मराठी की कन्नड? कन्नड पाट्यांवर 'कूट' लिहितात आणि कूट म्हणजे एकत्र मिळणे.

खानापूरकर :
खूट मराठीच. अहमदनगरला तेलीखुंट आहे, तिथे कन्नड कुठून येणार? जिथे रस्ते मिळतात तो खुंट.

अथणीकर :
तेलीखुंटात अनुस्वार आहे आणि बेळगावच्या खुटात नाही, हे गुरुजींनी लक्षात घ्यावे. उच्चारावरून काहीच ठरणार नाही. शनिवार खूट आणि काकती वेस यांच्या दरम्यान ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांच्याकडे मोडीतली खरेदीखते असतील. त्यांनी चतुःसीमेच्या ओळीत तो शब्द कसा लिहिला आहे ते पाहून येथे कळवावे.